पूर्ण कोयता

ऊसतोडीच्या धंद्यात माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून त्या ट्रकवर चढवायच्या, आणि मुकादमाच्या वहीत दोघांच्या नावांपुढे 'पूर्ण' असं लिहिलं जायचं. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी मनापासून घेत नाही. घेतलं तरी उपकार केल्यासारखं घेतात आणि हंगामभर बोलून दाखवतात.

लालीबाईला हा हिशेब लहानपणापासून पाठ होता. तिचा तांडा उमरखेडच्या खालच्या अंगाला, मुरमाड टेकडीच्या पोटाशी. तिथले गोरमाटी एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालत. पुढे एका जागी बसले, एकेक-दीडेक एकर वावर पदरात पडलं, पण फिरणं काही सुटलं नाही. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि तरणीताठी सगळी माणसं त्यात बसून पार कोल्हापूरकडच्या फडांवर जातात, ती होळीनंतर परततात. तेवढ्या कमाईवर वर्ष निघतं. वावरातल्या सोयाबीनवर वर्ष काढलेला माणूस तांड्यात अजून जन्मायचा आहे.

लालीबाईचा नवरा खेमसिंग पडला, तो हंगामाचा शेवटचा आठवडा होता. डोक्यावर मोळी घेऊन तो फळीवरून ट्रकवर चढत होता. फळी निसटली, तो पाठीवर आपटला आणि वरून मोळी अंगावर आली. पंचेचाळिशीचा, अंगाने दणकट माणूस. मणक्यातली नस दबली होती. नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, कंबर सरळ झाली, पण डावा पाय कामातून गेला आणि उजव्याचा भरवसा राहिला नाही. भिंत धरून तो दहा पावलं चालायचा आणि घामाघूम होऊन खाली बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने व्यायाम करा. नाहीच सुधारलं तर अपंगाचा दाखला काढून घ्या, त्यावर दर महिन्याला सरकारचे पैसे मिळतात.

त्या पैशांना तांड्यात 'निराधार' म्हणतात. अमकीचं निराधार लागलं, तमक्याचं बंद पडलं, असं लोक सहज बोलतात. शब्द ऐकायला वाईट आहे, पण निराधार लागलेल्या घरी दर महिन्याला चूल पेटते, त्यामुळे शब्दाचं कोणी मनावर घेत नाही.

सहा महिने झाले, भादवा आला आणि पाय होता तसाच राहिला. तेव्हा लालीबाई उमरखेडला फॉर्म भरायच्या दुकानात गेली. तिथे वर्षा नावाची मुलगी बसायची. बोलायला फटकळ, पण कोणाला दोनदा हेलपाटा पडू देत नसे.

"आताच अर्ज टाकू मावशी," वर्षा म्हणाली. "महिन्याभरात बोर्डाची तारीख येते. यवतमाळले जाऊन तपासणी करायची. चाळीस टक्क्याच्या वर निघालं का दाखला भेटते. मंग निराधारचा फारम. मंग तलाठी येते गावात चौकशीले."

"कायची चौकशी?"

"चारचौघाईले विचारते, का हा माणूस खरंच कामाचा राह्यला नाई का म्हणून. पंचनामा करते, सह्या घेते."

लालीबाईच्या कानात 'चारचौघं' हा शब्द अडकला. टक्के, दाखला, फॉर्म यातलं काहीच तिला भारी वाटलं नव्हतं. पण खेमसिंग कामाचा राहिला नाही, हे तांड्याच्या पारावर बसून मोठ्याने सांगायचं आणि खाली अंगठे करायचे, आणि तेही मुकादमाच्या वहीत नावं चढायच्या दिवसांत. धावजी मुकादम पलीकडच्याच तांड्याचा. पारावर सकाळी बोललेलं त्याला दुपारी कळायचं.

सरकारला खेमसिंग निकामी हवा होता आणि धावजीला धडधाकट. एकच माणूस एकाच महिन्यात दोन्हीकडे दाखवायचा कसा? बरं, अर्ज टाकला तरी निराधार काही उद्या लागत नव्हतं. चौकशी, मीटिंग, मंजुरी करता करता उन्हाळा उजाडणार. तोवर हंगाम हातचा गेलेला असणार.

आणि धावजीला कळलं तर तो काय म्हणेल, हेही तिला ठाऊक होतं. जोडी मोडली की तो म्हणायचा, पोरगी आण. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या हंसाबाईला त्याने तेच सांगितलं होतं. हंसाबाईचा हात मोडला, तिच्या जागी तिची चौदा वर्षांची लेक फडावर गेली, ती पुन्हा शाळेत आली नाही. आता ती पोर एका लेकराची आई आहे. लालीबाईची शीला आश्रमशाळेत नववीला होती. गणितात हुशार. सुट्टीत घरी आली की दुकानदाराने केलेली बेरीज तिथल्या तिथे खोडून काढायची. लालीबाईने आपल्या जिवाला एकच गोष्ट सांगून ठेवली होती, शीलाच्या हातात कोयता द्यायचा नाही. त्यापुढे बाकी सगळं घासाघीस करण्यासारखं होतं.

"हंगाम झाल्यावर टाकू अर्ज," ती वर्षाला म्हणाली.

"काहून? आता काय झालं?"

"झालं काई नाई. होळीनंतर येतो."

घरी आल्यावर तिने खेमसिंगला सांगितलं. तो म्हणाला, "लाली, आताच टाकून दे. मी जसा हाओ तसा हाओ. लपवून पाय थोडीच येते."

"एक हंगाम," ती म्हणाली. "मी काढतो दोघाईचं. तुमी नुस्ते वहीत राहा."

हे तिने ठरवलं. पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कोणावर बोट ठेवायची सोय तिला राहिली नाही, ती यामुळेच.

धावजी आला त्या दिवशी खेमसिंगला तिने सकाळीच ओट्यावर बसवून ठेवलं, पायांवर गोधडी टाकली, डोक्याला पटका बांधला. खेमसिंगही वस्ताद. गेल्या हंगामातल्या गमती काढून त्याने धावजीला असा हसवला की त्याला उठून उभं राहायला सांगायचं मुकादमाच्या ध्यानातही आलं नाही. "ऑपरेशननं उभा झालो, कंबर धरते थोडी," एवढंच खेमसिंग म्हणाला. "कोनाची नाई धरत," असं म्हणून धावजीने लिहिलं, पूर्ण.

निघायच्या सकाळी तांड्यातले सहाही कोयते तांड्याच्या संताच्या, सेवाभायाच्या, पांढऱ्या झेंड्याखाली पाया पडायला जमले, तेव्हा लालीबाईने सगळ्यांना थांबवलं. खेमसिंगचं खरं काय ते टोळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"धावजीनं विचारलं, नाईतर कोन्या बाहेरच्या मानसानं विचारलं, तं खेमसिंगचा पूर्ण कोयता हाये असंच सांगा," ती म्हणाली. "सेवाभायाची आण हाये तुमाले."

रामसिंग, हंसाबाईचा नवरा, टोळीत सगळ्यांत वडील. त्याने झेंड्याच्या काठीला हात लावला. "भोजाई, आपल्या मानसाची कमी आपुन कायले बाहेर सांगू? आण घातली, संपली गोष्ट." बाकीच्यांनीही हात लावले.

आणि त्यांनी शब्द पाळला, असा पाळला की लालीबाईचे डोळे भरून यायचे. धावजीच्या तीन टोळ्या होत्या. तो संध्याकाळी मोटरसायकलवर यायचा, मोळ्या मोजायचा आणि जायचा. लालीबाई इतरांच्या आधी फडात उतरायची आणि सगळ्यांनंतर बाहेर पडायची. आधी तोडायची, मग बांधायची. तरी दोघांचं काम एका अंगातून किती निघणार? जे कमी पडायचं ते टोळी भरून काढायची. संध्याकाळ झाली की प्रत्येक जण आपल्या ढिगातल्या दोन-दोन मोळ्या उचलून खेमसिंगच्या ढिगावर टाकायचा. कोणी बोलायचं नाही, कोणी मोजायचं नाही. खेमसिंग ढिगाला टेकून बसलेला असायचा, हातात कोयता, डोक्याला पटका. धावजी आला की तो नुकताच दमून बसल्यासारखा दिसायचा.

पण दिवसभर ओल्या सरीत बसून राहणं त्या पायांना मानवलं नाही. डाव्या पायाला पाचटाने कापलं तरी त्याला कळायचं नाही. संध्याकाळी लालीबाई पाहायची तेव्हा जखम चिघळलेली असायची. माघात उजवा पायही जड झाला. भिंत धरून दहा पावलं टाकणारा माणूस महाशिवरात्रीला फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीतून, कोपीच्या दारातून बाहेर सरपटत आला, आणि लालीबाईने तोंड फिरवून भाकरी थापली. परत जाऊ, असं तिला त्या दिवशी वाटलं. पण हंगाम अर्ध्यावर सोडला तर आधीचं सगळं उघडं पडणार होतं. ती राहिली.

हंगाम उरकला तेव्हा धावजी सगळ्यांदेखत म्हणाला, "कोयता भरावा तं खेमसिंगनं." टोळी खाली मान घालून हसली. लालीबाईही हसली. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

होळी झाल्यावर लगेच तिने अर्ज टाकला. चैत्रात बोर्डाची तारीख आली. रामसिंगला तिने दवाखान्यात दाखवायला नेते एवढंच सांगितलं, त्याच्या मदतीने खेमसिंगला एसटीत चढवलं आणि यवतमाळला उतरल्यावर एका हमालाला विनवून आत नेलं. दाखल्याचं ती तांड्यात कोणाला बोलली नाही. निराधार लागेपर्यंत धावजीच्या कानावर जायला नको, पुढचा दरवाजा उघडा असलेला बरा, असा तिचा विचार. लपवायची सवय एकदा लागली की ती कुठे सोडायची ते कळत नाही.

बोर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी पाय हलवून पाहिले, टाचणी टोचून पाहिली, नांदेडचे कागद वाचले आणि विचारलं, "मागच्या दिवाळीत का नाही आणलं यांना?"

लालीबाई कागदांच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली.

"ऑपरेशननंतर उजव्या पायात बराच जोर होता, इथे लिहिलंय. तेव्हाच आला असतात तर व्यायामाला लावलं असतं, कॅलिपर दिला असता. निदान काठीवर चालले असते. इतके महिने काय करत होता तुम्ही?"

खेमसिंग म्हणाला, "घरीच होतो मॅडम." त्याने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं, याने चारचौघांत मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साठ टक्के लिहून मिळाले. दिवाळीत आले असते तर चाळीस-पंचेचाळीस मिळाले असते. वरचे पंधरा-वीस टक्के हंगामाची कमाई. तांड्यात आजवर कोणाला फर्स्ट क्लास मिळाला नव्हता, तो खेमसिंगला मिळाला. एसटीत बसल्यावर त्यानेच हा विनोद केला. लालीबाईने खिडकीकडे तोंड केलं आणि दिग्रस येईपर्यंत रडली.

दाखला हातात आल्यावर वर्षाने निराधारचा फॉर्म भरून दिला. "साठ टक्क्याले कोनी नाई म्हनत नाई मावशी," ती म्हणाली. जूनमध्ये शाळा उघडली, शीला दहावीत गेली. तिला सोडायला गेलेल्या लालीबाईने फाटकाशी उभं राहून सांगितलं, "दिवाळीले घरी ये, अन् मंग मार्चपर्यंत घराचं नाव काढू नको. परीक्षा देऊनच ये." शीला म्हणाली, "याडी, तू एकटी कशी करशीन?" लालीबाई म्हणाली, "एकटी कायले? सरकार हाये न." हे बोलताना ती खरंच खूश होती.

भादव्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. लालीबाई रोज मजुरीला जायची. एका संध्याकाळी ती डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तांड्यात शिरली, तर रामसिंग पारावरून उठून तिच्याकडेच आला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"भोजाई, आज एक वहीवाला आलता. मोटरसायकलवर. खेमसिंगचं विचारत होता."

"कोन?"

"कोन ते नाई सांगतलं. नवाच होता. विचारे, का खेमसिंग मागच्या हंगामात तोडीले गेलता का, काम करत होता का, पूर्ण करत होता का अर्धं. म्या म्हनलं हा धावजीनं धाडलेला दिसते, पुढच्या हंगामाच्या आधी जोड्या तपासून राह्यला."

लालीबाईने भारा खाली टाकला. "मंग?"

"मंग काय? आपली आण हाये न. म्या सांगतलं, पूर्ण कोयता हाये खेमसिंगचा. टोळीत त्याच्यासारखा गडी नाई. दुसऱ्या दोघाईनंबी तेच सांगतलं. त्यानं लिहून घेतलं अन् आमच्या सह्या घेतल्या." मग त्याची नजर खाली टाकलेल्या भाऱ्यावर गेली. "काहून भोजाई? काई चुकलं का?"

वहीवाला धावजीचा नव्हता, निराधारच्या चौकशीचा तलाठी होता, हे तिला कळलं. चुकलं होतं, पण रामसिंगचं नव्हतं. आण घातली की ती सोडवायची असते. ज्याने घातली त्याने त्याच झेंड्याखाली उभं राहून सांगायचं असतं, की बाबांनो, काम झालं, तुम्ही मोकळे. तांड्यातलं शेंबडं पोरही खेळातली आण सोडवून घरी जातं. हंगामावरून आल्यावर खेमसिंगचे पाय, बोर्ड, कागद या गडबडीत लालीबाईच्या ते डोक्यातून गेलं. आणि डोक्यात असतं तरी तिने सोडवली असती का? तिलाच तर अजून लपवायचं होतं.

"नाई," ती म्हणाली. "तुमचं काई नाई चुकलं."

मग तिच्या मनात आलं, तलाठी आला तेव्हा खेमसिंग तर घरातच होता. पारापासून त्यांचं दार वीस पावलांवर. ती आत गेली. खेमसिंग खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"तुमी जागे होते का दुपारी?"

"होतो."

"आयकू आलं?"

"सगळं."

"मंग आवाज काहून नाई दिला? म्हनायचं होतं, मी इथं पडून हाओ, मले येऊन पाहा. एक हाक तं मारायची होती."

खेमसिंगने भिंतीवरून तोंड वळवलं नाही. तसाच म्हणाला, "माराव म्हनलं. तोंड उघडलं होतं म्या. तेवढ्यात रामसिंग म्हने, टोळीत त्याच्यासारखा गडी नाई." त्याने भिंतीचा पोपडा नखाने खरडला. "दीड वर्षानं आपल्यातलं कोनी तसं बोललं माह्याबद्दल. अन् मी हाक मारून काय सांगू लाली, का तो खोटं बोलून राह्यला म्हनून? नाई निघाला आवाज. मले मारून टाक, पन नाई निघाला."

हंगामभर त्याच्या डोक्याला तो पटका तिनेच तर बांधला होता.

दसऱ्याच्या आधी वर्षाने बोलावून घेतलं आणि कागद वाचून दाखवला. अर्जदार मागील हंगामात ऊसतोडीचे पूर्ण काम करीत असल्याचे स्थानिक चौकशीत निष्पन्न झाले. पती-पत्नी दोघांची मजुरी धरता कौटुंबिक उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक. सबब अर्ज नामंजूर.

"ते काम म्या केलं," लालीबाई म्हणाली. "त्याच्या नावचंबी म्याच केलं."

"मंग तसं लिहून देऊ मावशी. रामसिंगकाका अन् बाकीचे जबाब बदलून देतीन, का आमी खोटं सांगतलं होतं. साठ टक्क्याचा दाखला हाये, पुन्हा अर्ज टाकता येते."

लालीबाई हिशेब करू लागली. शीलाला गणित कुठून आलं होतं ते कोणालाही कळलं असतं. टोळीने खोटं सांगितलं असं कागदावर आलं की धावजीला कळणार, की हंगामभर अर्ध्या कोयत्याला त्याने पूर्ण धरलं आणि सगळ्या टोळीने मिळून त्याला फसवलं. मग रामसिंगची जोडी जाईल, बाकीच्या चारही जाणार. ज्यांनी आपल्या ढिगातल्या मोळ्या उचलून दिल्या, त्यांच्याच घरात उपास पडणार.

"पुन्हा टाकला तं दिवाळीच्या आधी होईन का?"

वर्षा पहिल्यांदाच फटकळ बोलली नाही. "नाई होत मावशी. चार-सहा महिने तं लागतेच."

"म्हंजे होळीनंतर."

"तेवढे तं लागतेच."

गेल्या वर्षी ती याच बाकावर बसून होळीनंतर म्हणाली होती. तेव्हा ठरवायला काहीतरी होतं.

दिवाळीत शीला घरी आली, दप्तरासकट. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी धावजी आला. या खेपेला पटका नव्हता, गोधडी नव्हती. पावसाळ्यात पाय गेले, एवढंच लालीबाईने सांगितलं; खेमसिंगला त्याने खाटेवर पाहिलं आणि वही मिटली. वाईट माणूस नव्हता तो. थोडा वेळ बसला, चहा प्यायला.

"अर्धा कोयता मी घेत नाई, लालीबाई," तो म्हणाला. "त्यात दुखनकरी मानूस संग. त्याले मांग ठेवता येत नाई, संग नेलं तं तुह्या कामाचा खोळंबा." मग त्याने शीलाकडे पाहिलं. ती चुलीपाशी कप धूत होती. "पोरगी आली तं पूर्ण धरतो. बापाले कोपीत ठेवा, मले काई हरकत नाई."

"पोरगी नाई येनार," लालीबाई म्हणाली. तिचा आवाज इतका वर गेला की पारावरची माणसं वळून पाहू लागली. "तिची दहावी हाये."

"पाहा," धावजी म्हणाला. "ट्रक सोमवारी हाये."

रविवार उजाडेपर्यंत लालीबाईने तीन गावं पालथी घातली. कापूस वेचायचं काम होतं, पण आठ-पंधरा दिवसांचं, त्यापुढे सगळे नाहीच म्हणाले. उमरखेडला एका बाईने धुणीभांड्याला ये म्हटलं, तर खेमसिंगला दिवसातून चारदा उचलायला घरी कोण? हे सगळं तिला निघायच्या आधीच माहीत होतं. तरी ती फिरली, कारण घरात बसून शीलाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

रविवारी दुपारी ती परत आली तर अंगणात खेमसिंगची खाट उन्हात आणून टाकलेली. खाटेपुढे जमिनीत ज्वारीची धांडं ओळीने रोवली होती. शीला कोयता घेऊन वाकली होती आणि खेमसिंग खाटेवरून सांगत होता.

"बुडाशी घाल. वरून नको, वर साखर नाई राहत. डाव्या हातानं धर, अंगठा आत घे. आत घे म्हनतो न, नाईतर पयल्याच दिवशी बोट जाईन. अन् कमरेतून वाकू नको बेटा, गुडघ्यातून वाक. कंबर सांभाळ. कमरेले काई झालं नाई पायजे."

शीलाने गुडघ्यातून वाकून धांड तोडलं. साफ तुटलं.

"वा," खेमसिंग म्हणाला. "पूर्ण कोयता होशीन तू."

लालीबाई कुंपणापाशीच थांबली. दीड वर्षात नवऱ्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. लग्न होऊन पहिल्या हंगामाला गेली तेव्हा त्याने तिलाही असंच शिकवलं होतं, हेच शब्द, हाच सूर. त्याचे डोळे चमकत होते. दीड वर्षाने त्याच्या हातून काहीतरी काम होत होतं, आणि ते हे होतं. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, कोयता हिसकावून विहिरीत फेकावासा वाटला. पण त्याला पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजवायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि सोमवारचा ट्रक तर येणारच होता.

शीलाने तिला पाहिलं. "याडी, मीच म्हनलं बाले शिकव म्हनून," ती म्हणाली. "बाहेरून फारम भरता येते दहावीचा. सरनं सांगतलं."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

लालीबाई अंगणात आली. लेकीच्या हातातला कोयता तिने घेतला, धारेवरून अंगठा फिरवला. मूठ मोठी होती, शीलाची बोटं पुरती मिटत नव्हती. तिने पदराच्या कडेची एक पट्टी फाडली, खाटेच्या कडेवर बसली आणि मुठीवर घट्ट गुंडाळू लागली. खेमसिंगने कोणी न सांगताच दुसरं टोक ओढून धरलं.